माझी काही हरकत नाही

६ जुलै, रविवार

लिहायची मला सवय नाही. शाळेत आठवीला गणित शिकवते, दिवसभर फळ्यावर लिहून हात भरून येतो, त्यात घरी येऊन आणखी लिहायचं कुठे? पण आज माझा नवरा, एरियल, पुण्याला गेला आणि घरात बोलायला उरले फक्त पपा, म्हणजे माझे सासरे इसाजी. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे त्यांचं ऐकायचं. तेव्हा वही काढली.

एरियलने बॉम्ब निकामी करण्याच्या कोर्सला नाव दिलंय. म्हणजे साहेबांनी विचारलं, कोण तयार आहे, आणि "माझा हात वर गेला," असं तो सांगतो. जसा काही हात शेजाऱ्याचा होता! इतकी वर्षं फौजेत इंजिनिअर आहे, पूल बांधतो, डोंगरात रस्ते काढतो. पण आमच्या कॅप्टनसाहेबांना आता हे करायचंय, तर करू दे.

निघताना चौकटीवरच्या मेझुझाला, त्या प्रार्थनेच्या डबीला, हात लावून, बोटं ओठांना टेकवून तो तसाच उभा राहिला. म्हणाला, "एली, तुला चालेल ना? अजून नाव मागे घेता येतं. घरच्यांची हरकत असली की लगेच सोडतात, कोणी काही बोलत नाही."

मी म्हटलं, "माझी काही हरकत नाही. बिनधास्त जा. मी काय रडक्या बायकांतली वाटले का तुला?"

तो हसला. दमल्यासारखा दिसत होता. आठवडाभर बांधाबांध चालली होती, म्हणून असेल.

रात्री पपा दोनदा भात घेऊन जेवले. मला काही जेवण गेलं नाही, आमटी खारट झाली होती.

२० जुलै, रविवार

पपांनी अख्ख्या खांदा कॉलनीला सांगून टाकलंय. किराणावाला मला "मॅडम, तुमचे मिस्टर बॉम्बवाले ना?" म्हणून विचारतो. समोरची नीता म्हणाली, "तुला भीती नाही गं वाटत?" मी म्हटलं, "तुझा नवरा रोज हायवेवरून बाईकने ऑफिसला जातो, तुला वाटते का?"

आज मी नवस बोलले. आमच्या बेने इस्रायलांत, म्हणजे कोकणातल्या ज्यूंत, नवस बोलायचा तो एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याला आणि फेडायचा तो मालिदा करून. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं, आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. पनवेलात आमचे दहा पुरुष गोळा करायचे म्हणजे त्यासाठीच वेगळा नवस बोलावा लागेल, निम्मे तर केव्हाच इस्रायलला गेले. पण बोलले. एरियल पास झाला तर मालिदा करीन. मोठ्याने बोलले, कारण मनातल्या मनात बोललेला नवस पोचत नाही असं पपांचं म्हणणं.

फोनवर एरियलला सांगितलं. त्याने विचारलं, "कशासाठी बोललीस?"

"तू पास व्हावास म्हणून. आणखी कशासाठी?"

तो म्हणाला, "सुखरूप राहावा म्हणून नाही बोललीस?"

मी म्हटलं, "पास झालास म्हणजे तेही आलंच की त्यात." त्यावर त्याने पपांच्या तब्येतीचं काढलं. गणिताच्या बाईशी गाठ आहे.

१० ऑगस्ट, रविवार

एरियल दोन दिवस येऊन गेला. वाळलाय. बॉम्बपासून वाचवणारा तो जाड सूट चढवायला म्हणे दुसरी दोन माणसं लागतात, आणि चढवला की आपल्याच पायापुढचा दगड दिसत नाही. आत घामाच्या धारा. शिकवायला मेजर उदयसिंह म्हणून आहेत. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "घाबरणारा माणूस मला चालेल. न घाबरल्याचं सोंग करणारा नको. तो स्वतः मरतो आणि दुसऱ्यालाही घेऊन जातो."

मी म्हटलं, "बरं झालं, तुझा तो प्रश्नच नाही."

एरियल पपांकडे बघत होता. पपा त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगत होते, दुसऱ्या महायुद्धात ते वाळवंटात कसे सुरुंग उकरायचे त्याची. ही गोष्ट मी लग्न ठरलं तेव्हापासून ऐकतेय, आणि दर वेळी सुरुंग वाढतात.

त्यांच्या कामात बॉम्बपाशी एकच जण जातो. बाकीचे लांब, वाळूच्या पोत्यांमागे. पुढे गेलेल्याने जे जे करतो ते वायरलेसवर बोलत राहायचं. आता गुडघे टेकले, आता डावीकडची माती काढतोय. मी विचारलं, "ही कॉमेंट्री कशाला?" तर म्हणाला, "म्हणजे मी कुठपर्यंत बरोबर होतो ते मागच्याला कळतं." केवढी ती शिस्त! माझ्या आठवीच्या पोरांना पाठवायला हवं तिथे.

मग दुपारी चहा करतानाही त्याने तेच सुरू केलं. "आता गॅस लावला. आता आलं किसतोय." मी हसून हसून बेजार. पपासुद्धा हसले. आणि एकदम म्हणाला, "आता हात थांबवला." खरंच थांबवला. किसणी हातात, नजर ओट्यावर. दूध उतू गेलं तरी हलला नाही. मी ओरडले, "अरे, लक्ष कुठाय तुझं?" तेव्हा भानावर आला आणि ओटा पुसला.

जाताना परत तेच. "एली, खरं सांग, चालेल ना?" किती वेळा विचारतो हा माणूस! माझी परीक्षा घेतोय बहुतेक. मी पण नापास होणाऱ्यांतली नाही.

७ सप्टेंबर, रविवार

पित्ताने वैताग आणलाय. छातीखाली सारखी आग. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि विचारलं, कसलं टेन्शन आहे का. म्हटलं, आठवीच्या पोरांचं. शुक्रवारी फळ्यावर साध्या वजाबाकीत चुकले, तेही पोरांनी दाखवून दिलं.

एरियलने फोनवर सांगितलं की त्याच्या टीममधल्या काशीरामने नाव मागे घेतलं. काशीराम म्हणजे नायब सुभेदार काशीराम, आपल्या उरणजवळच्या मोऱ्याचाच. त्याच्याबद्दल एरियल भरभरून बोलायचा, हाताने सगळ्यांत पक्का म्हणून. आणि तोच परत गेला. का, तर बायको नको म्हणाली.

मी म्हटलं, "म्हणजे पळपुटा निघाला. आणि वर बायकोच्या नावावर खपवलं. लाज वाटायला हवी."

एरियल म्हणाला, "कोणी हसलं नाही त्याला, एली. मेजरसाहेबांनी हात मिळवला."

"तोंडावर कोण हसणार? मागून हसले असतील."

"हो," म्हणाला तो. "असेल." मग नेटवर्क गेलं. हल्ली फार जातं त्याचं नेटवर्क.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज संध्याकाळपासून दारफाळणीचा सण, म्हणजे योम किप्पूर. उद्या कडक उपास. एरियलला रजा मिळाली, घरात बरं वाटतंय. सूर्य मावळायच्या आत हे लिहून ठेवते, सण लागला की लिहायचं नसतं.

या सणाआधी आम्ही एकमेकांची क्षमा मागतो. पपांनी माझी मागितली, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात त्याबद्दल. उद्याचा दिवस संपला की परत ठेवणार आहेतच. मी एरियलची मागितली, माझ्या जिभेबद्दल. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "मी तुला सगळं सांगत नाही, त्याची क्षमा कर."

मी म्हटलं, "फौजेतलं सगळं सांगायचं नसतं एवढं कळतं मला."

"फौजेतलं नाही गं."

तेवढ्यात पपांनी आतून हाक मारली, पांढऱ्या कपड्यांना इस्त्री झाली का म्हणून. मग ते तसंच राहिलं. बहुतेक सिगारेट परत सुरू केली असणार. वास तर येत नाही. पण दुसरं काय असणार?

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. सकाळी बिल्डिंगखाली पोरांनी सुतळी बॉम्ब लावला आणि माझ्या हातातलं ताट खाली पडलं. मी तशीच जिने उतरून गेले आणि त्या पोरांना असं झापलं की त्यांचे आईबाप गॅलरीत आले. नीता म्हणाली, "अगं, केवढी घाबरलीस! पांढरी पडलीस." मी म्हटलं, "घाबरले बिबरले काही नाही. आवाजाचा त्रास होतो मला." तिने लाडू दिला. खाववला नाही. पित्त.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आजच शाळा उघडली, आणि मधल्या सुट्टीत मेजर उदयसिंहांचा फोन आला. मी एकदम ताठ उभी राहिले, फोनवर दिसतं जसं काही. शांत, सभ्य माणूस. हिंदीतच बोलले. म्हणाले, कोर्स संपत आलाय, पोस्टिंगआधी मी प्रत्येकाच्या घरी स्वतः फोन करतो. कॅप्टन एरियल हुशार आहेत, पण हल्ली फार गप्प असतात. घरी कसे असतात?

मी म्हटलं, "घरी तर एकदम मजेत, सर."

मग त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमची काही हरकत? मोकळेपणाने सांगा. यात कमीपणा नाही. मी कारणसुद्धा विचारणार नाही."

मी म्हटलं, "बिलकुल नाही, सर. आम्हाला अभिमान आहे." स्टाफरूममधल्या सगळ्या बाया ऐकत होत्या.

त्यांनी एकदा परत विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की."

संध्याकाळी एरियलचा फोन. "सरांचा फोन आला होता?" मी सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. मला वाटलं, शाबासकी देईल. म्हणाला, "बरं. झालं तर मग." आणि जेवायला जातो म्हणून फोन ठेवला.

९ नोव्हेंबर, रविवार

पास! तोही चांगल्या शेऱ्याने. जम्मूकडच्या बॉम्ब डिस्पोजल तुकडीत पोस्टिंग, पुढच्या आठवड्याअखेर निघायचंय. पपांना अस्मान ठेंगणं झालंय. सगळ्या नातेवाईकांना फोन झाले, इस्रायलला अश्दोदच्या काकांनासुद्धा. माझा मालिदा सोळा तारखेला, रविवारी सकाळी. सिनेगॉगची मंडळी त्याच दिवशी घरी येऊन एरियलला शाल घालणार. आमच्यातला आता तो एकटाच उरलाय ना फौजेत.

एरियल सुट्टीवर आलाय आणि त्याला आवराआवरीचं वेड लागलंय. माळा उपसला. मला सिलेंडर बदलायला शिकवलं, मेन स्विच दाखवला, विम्याचे कागद कुठे आहेत ते दाखवलं, पपांच्या गोळ्यांच्या वेळा डबीवर लिहिल्या. मी म्हटलं, "ही काय संसाराची हँडओव्हर परेड चाललीय का?" त्याने डबीचं झाकण लावलं आणि म्हणाला, "असू दे गं, माहीत असलेलं बरं."

काल शनिवारी, शब्बाथला, उलव्याची मावशी आली होती. ती म्हणाली, आता पुढच्या वर्षी तरी पाळणा हलू दे. एरियल उठून गॅलरीत गेला. लाजला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शब्बाथचे दिवे लावायच्या आत लिहून काढते. घाईत अक्षर असंच येणार.

दुपारी एरियल आणि पपा ठाण्याला आमंत्रणं द्यायला गेले होते. बेल वाजली. दारात एक दणकट माणूस, हातात पिशवी. "मॅडम, मी काशीराम. मोऱ्यावरून आलो. सायेब हायेत का?"

मी आत घेतलं, पण मनात म्हटलं, आला पळपुटा. त्याने पिशवी पुढे केली. "रावस हाय. खवल्यांचीच मासळी आणली. बिनखवल्यांची तुमी खात नाय, सायबांनी सांगितला होता." पाणी प्यायला आणि म्हणाला, "सायेब जाणार असा ऐकला. खरा हाय?"

"हो तर. ते कशाला मागे हटतील?" मी मुद्दामच बोलले.

त्याला झोंबलं नाही. म्हणाला, "मॅडम, रागावू नका. तुमी नाय का म्हटला नाय?"

"मी का म्हणू?"

मग तो बोलला. ऑगस्टमध्ये सरावाच्या वेळी हा सूट घालून पुढे गेला आणि याचे पाय उचलेनात. खोटाच बॉम्ब होता, पण पाय उचलेनात. परत आला तेव्हा पोत्यांमागे एरियल होता. एरियल त्याला म्हणाला, माझंही तेच होतं, मी फक्त पाय उचलतो. "सायबांनीच वाट दाखवली मना. म्हणाले, बायकोला नाय म्हणाया सांग. मेजरसायेब लगेच सोडतील, तुझी लाज पण राहील. मी घरी फोन केला. बायको म्हणाली, नाय तर नाय, त्यात काय! मी सायबांना म्हटला, तुमी पण सांगा ना मॅडमना."

"मग?"

"म्हणाले, तिला मी सांगणार नाय. घरात वडील हायेत, समाज हाय. ती आपल्या मनानं नाय म्हणाली तर ठीक. मी रोज वाट बघतो, म्हणाले."

मी काय बोलले आठवत नाही. चहाही विचारला नाही त्या माणसाला. जाताना तो म्हणाला, "मॅडम, पाय उचलत नसताना जो जातो ना, तो परत येत नाय. हे काम तसा हाय."

मी खाली बसले, दारातच. चालेल ना, खरं सांग, चालेल ना. जुलैपासून हा माणूस मला हात जोडत होता आणि मी त्याच्याकडे शाबासकी मागत होते. मेजरांनी दोनदा विचारलं. दोनदा! आणि मी स्टाफरूममध्ये छाती काढून नाही म्हटलं. मूर्ख बाई. पोरांना सांगते, गणित नीट वाचा, काय विचारलंय ते बघा.

ते दोघे आले बहुतेक. जिन्यात पपांचा आवाज आहे. दिवे लावायचेत.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल दिवसभर विचार केला. एरियलला थेट विचारलं असतं तर त्याने "छे, काशीराम काहीही बोलतो" म्हणून उडवून लावलं असतं. त्याला मी ओळखते, निदान आता तरी. त्याच्या तोंडून ते येणार नव्हतं. माझ्या तोंडूनच यायला हवं होतं, आणि चार लोकांत, म्हणजे पपांना नंतर आमची समजूत काढता येणार नाही. ठरवलं, आपण घाबरट व्हायचं. नाटक तर नाटक.

सकाळी पोहे भिजवले, खोबरं खवलं. दहाला माणसं आली, दहा पुरुष पुरे भरले, पपा खूश. प्रार्थना झाली. आमच्या घरची रीत अशी की ज्याच्यासाठी नवस त्याने मालिद्याचं ताट उचलून सगळ्यांपुढे धरायचं आणि नवस कशाचा ते थोरल्याने सांगायचं. एरियलने ताट उचललं. पांढरा शर्ट, तोंडावर काहीच नाही. पपांनी घसा साफ केला. "आमच्या सुनेने, एलिशेवाने, नवस बोलला होता. वाघीण आहे. एकदाही डोळ्यांत पाणी नाही आणलं."

मी म्हटलं, "पपा, थांबा. मी त्याला जाऊ देणार नाही."

कोणी तरी हसलं. त्यांना चेष्टा वाटली.

"मी घाबरले आहे," मी म्हटलं. शाळेतला आवाज काढला होता, ठरवून. "मी मेजरना फोन करून सांगणार आहे, माझी हरकत आहे."

नणंद दिना म्हणाली, "वहिनी, अगं आज? सगळ्यांसमोर?" पपा म्हणाले, "आता? मी जगाला सांगून बसलोय!"

मी परत तेच म्हणायला गेले, मी घाबरले आहे, आणि आवाजच फुटला. छातीखालची ती आग, जिला मी पित्त म्हणत होते, ती अशी वर आली की मला उभं राहता येईना. सुतळी बॉम्ब, ते ताट, ती वजाबाकी, ती खारट आमटी, सगळं कळलं एकदम. मी हमसून हमसून रडले, दहा पुरुष आणि त्यांच्या बायकांसमोर, नाक पुसायचंही भान नव्हतं. नाटक करायला गेले होते मी. नाटक नव्हतंच.

एरियलने ताट खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. काशीराम आला होता हे त्याला माहीत नाही, मी सांगणारही नाही. मग तो पपांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय करणार, पपा. ती नाही म्हणते."

कोणी शाल घातली नाही. ती तशीच घडी घालून परत नेली. जिन्यात कुणाचं तरी "हल्लीच्या पोरी" एवढं ऐकू आलं. म्हणू देत. सगळे गेल्यावर मी मेजरांना फोन लावला. त्यांनी खरंच कारण विचारलं नाही. "थँक यू, मॅडम," म्हणाले, "पुलांच्या कामालाही चांगली माणसं लागतात." एरियल टेबलापाशी बसला आणि मालिदा खायला लागला. वाटीत घेऊन नाही, ताटातूनच, मुठीने. मी आणखी केळं कापून दिलं, तेही खाल्लं. मग जाऊन आडवा झाला.

आता दुपारचे चार वाजलेत. तो अजून झोपलाय, घोरतोय. पपा सकाळपासून माझ्याशी बोलले नव्हते. आत्ता हॉलमधून मोठ्याने म्हणाले, "चहा मिळेल का, की त्याचीही भीती वाटते?"

मी म्हटलं, "मिळेल, पपा. पण हळू बोला, तो झोपलाय."